रिकामी टाकी रिकामी नसते

 

आजचा विषय जरा वेगळा आहे आणि मनाला लागणाराही आहे. एका बचत गटाकडून आमच्याकडे प्रश्न आला. गटातल्या एका ताईंचा तरुण मुलगा गेला. गाडीवर त्याचा फार जीव. ती मोटारसायकल अजून अंगणात उभी आहे. आईच्या मनात आलं, की लेकाच्या अस्थींतला थोडा भाग त्याच गाडीच्या पेट्रोलच्या टाकीत ठेवावा आणि ती टाकी घरात जपावी. गावातला वेल्डिंगवाला म्हणाला, "आणा, वरून कापून देतो, झाकण बसवून देतो." गटातल्या काही जणींना हे पटलं, काहींना पटलं नाही. म्हणून त्यांनी विचारलं, असं करता येतं का?

उत्तर आधीच सांगतो आणि मग त्यामागची कारणं उलगडतो. टाकीची आठवण करता येते. पण टाकी कापायची नाही, तिला वेल्डिंग लावायचं नाही. आणि टाकी गाडीवरून उतरवण्याआधी गाडीचे कागद बघायचे. एवढ्या दोन गोष्टी लक्षात राहिल्या तरी आजचं बोलणं सार्थकी लागलं.

असं कुणी करतं का?

ऐकायला नवल वाटतं, पण करतात. अमेरिकेत आणि युरोपात मोटारसायकलवर जीव टाकणारी माणसं आहेत. तिकडे दहन भट्टीत होतं. उरलेली हाडं यंत्रात दळून त्यांची भुकटी करतात आणि डब्यात भरून घरच्यांना देतात. मोठ्या माणसाची ही भुकटी साधारण तीन लिटरच्या भांड्यात मावते. ती घरात ठेवायची तिकडे अनेकांची रीत आहे. त्यासाठी मोटारसायकलच्या टाकीच्या आकाराचे अस्थिकलश तिकडे विकतही मिळतात. ओहायो नावाच्या राज्यात २०१४ साली एका ८२ वर्षांच्या गृहस्थांना त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या आवडत्या मोटारसायकलवर बसवून, पारदर्शक पेटीत ठेवून, गाडीसकट पुरलं होतं.

इतक्या लांब जायलाही नको. राजस्थानात पाली ते जोधपूर रस्त्यावर चोटिला गावाजवळ एक बुलेट मोटारसायकल काचेच्या पेटीत ठेवलेली आहे. ती ओमसिंह राठोड या तरुणाची. १९८८ साली तो तिथे अपघातात गेला. लोक त्याला ओम बन्ना म्हणतात आणि येणारे-जाणारे गाडीवाले थांबून नमस्कार करतात. तिथली लोककथा अशी, की पोलिसांनी गाडी ठाण्यात नेली, टाकीतलं पेट्रोल काढून टाकलं, साखळीनं बांधली, तरी सकाळी ती अपघाताच्या जागीच उभी! कथा खरी मानायची की नाही हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. पण माणूस गेल्यावर त्याच्या गाडीत त्याला शोधणं ही काही फक्त एका आईची गोष्ट नाही, एवढं यातून दिसतं.

अस्थींचा एक भाग जपून ठेवणंही आपल्याकडे नवीन नाही. नागपूरच्या दीक्षाभूमीच्या स्तूपात बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थी जपलेल्या आहेत. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांची समाधी आहे, तिथे गांधीजींच्या रक्षेचाही एक अंश आहे. पंडित नेहरूंनी तर मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, की आपली मूठभर रक्षा गंगेत सोडावी आणि बाकीची विमानातून शेतांवर उधळावी.

मात्र एक गोष्ट इथेच ऐका. गांधीजींच्या रक्षेचा एक भाग ओडिशातल्या कटक शहरात बँकेच्या लॉकरमध्ये पेटीत पडून राहिला होता. चार दशकांहून जास्त काळ तो तिथेच होता. शेवटी तो बाहेर काढून ३० जानेवारी १९९७ रोजी अलाहाबादच्या संगमावर सोडला. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीतही, ठेवलं तर खरं, पण पुढे काय करायचं हे ठरलं नाही, तर ते तसंच राहून जातं. आपल्या घरात हे होऊ नये. ठेवणार असाल तर किती दिवस, कुणाच्या हाती आणि नंतर काय, हे आधीच ठरवा.

टाकीत नक्की काय उरतं?

आता सगळ्यात महत्त्वाचं. वेल्डिंगवाला म्हणतो, "टाकी रिकामी आहे, वर्षभर पेट्रोल नाही त्यात, काय होतंय?" इथेच घात होतो.

आपल्या घरी गॅस गळाल्याचा वास आला तर आपण काय करतो? दारं-खिडक्या उघडतो. बटण दाबत नाही, काडी ओढत नाही. का? कारण जळतो तो दिसणारा पदार्थ नाही, जळते ती हवेत मिसळलेली वाफ. पेट्रोलचंही तसंच. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या थंडीतही पेट घेण्याइतकी तयार होते. मग आपल्याकडच्या उन्हाळ्याचं काय सांगावं! ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. म्हणून झाकण उघडलं की ती उडून जाते असं नाही. विहिरीच्या तळाशी पाणी राहावं तशी ती टाकीच्या पोटात खाली बसून राहते.

दुसरी गोष्ट. चुलीत लाकडं आणि गोवऱ्या ठासून भरल्या, हवेला वाट ठेवली नाही, तर जाळ होत नाही, नुसता धूर होतो. जाळाला हवा लागते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते आणि हवा इतकी कमी, की आत सहसा पेट घेत नाही. पण टाकी रिकामी केली, झाकण उघडलं, की आत हवा शिरते. शंभर भाग हवेत साधारण दीड ते साडेसात भाग वाफ झाली, की ती स्फोटाच्या मापात आली. म्हणून भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी केलेली टाकी ठिणगीला जास्त घातक.

त्यासाठी पेट्रोल किती लागतं? आम्ही हिशेब करून बघितला. आपल्याकडच्या साध्या मोटारसायकलची टाकी साधारण दहा लिटरची धरा. तेवढ्या जागेत स्फोटाच्या मापाची वाफ व्हायला चहाच्या चमच्याचा पाव भाग पेट्रोल पुरतं. पाव चमचा!

आणि पाव चमचा पेट्रोल टाकीत कुठेही लपू शकतं. टाकी दोन-तीन पत्रे दाबून, कडा जोडून बनवलेली असते. त्या जोडांच्या फटीत ते राहतं. आतल्या गंजात मुरतं. जुनं पेट्रोल वाळून डिंकासारखा थर बनतो, त्यातही राहतं. टाकी थंड असेपर्यंत गप्प असतं. ग्राइंडर लावला की ठिणग्या उडतात, वेल्डिंगनं पत्रा तापतो, थर वितळतो आणि नवी वाफ तयार होते. बंद पत्र्याच्या आत ती पेटली की पत्रा फाटून सुरीसारखा उडतो. काम करणाऱ्याचं तोंड नेमकं टाकीवर वाकलेलं असतं. शेजारी बघायला पोरं उभी असतात.

"वास येत नाही म्हणजे पेट्रोल नाही" हेही खरं नाही. नाक थोड्या वेळात वासाला सरावतं. दुसऱ्या गाडीच्या सायलेन्सरचा धूर आत सोडला की टाकी सुरक्षित होते, असं सांगणारेही भेटतात. त्यावर विसंबू नका. टाकी दुरुस्तीचं काम करणारे जाणकार कारागीर टाकी आधी नीट धुतात, मग पाण्यानं जवळजवळ काठोकाठ भरून, आत वाफेला जागाच न ठेवता जोड मारतात. ते त्यांचं शिकलेलं काम आहे. आपल्या कामाला त्याची गरजही नाही. कारण अस्थी ठेवायला टाकी कापावीच लागत नाही.

मग ठेवायच्या कशा?

मुळात अस्थी थेट टाकीत ओतणं बरोबरच नाही. त्याला तीन कारणं आहेत.

एक, टाकी लोखंडी पत्र्याची. पेट्रोल नसलेली टाकी आतून गंजते. पावसाळ्याची दमट हवा, गंज आणि राख एकत्र आली की त्याचा तांबडा गोळा होतो. ज्या गोष्टीला आपण इतकं जपतो तिचं असं होऊ नये.

दोन, आपल्याकडे लाकडाच्या सरणावर दहन होतं. तिसऱ्या दिवशी सावडायला जातो तेव्हा हाती येतात ते हाडांचे तुकडे आणि राख, दळलेली भुकटी नव्हे. टाकीचं तोंड अरुंद असतं. मोठे तुकडे त्यातून जात नाहीत आणि त्यासाठी अस्थी फोडणं कुणाला सहन होणार नाही.

तीन, आत टाकलेलं बाहेर येत नाही. टाकीच्या पोटात मधोमध उंचवटा असतो आणि दोन्ही बाजूंना खोल पिशव्यांसारखे भाग. उद्या आईला वाटलं, की आता लेकाला नदीत सोडून मोकळं करावं, तर त्या पिशव्यांतून राख पुरती निघणार नाही. मन बदलायला वाट राहिली पाहिजे.

म्हणून सोपी रीत अशी. टाकी उलटी करून बघा. खालून मधोमध एक लांबट खोबण दिसेल. गाडीच्या सांगाड्याचा नळा त्या खोबणीत बसतो. ती जागा मुळातच मोकळी आहे आणि तिथे पेट्रोल कधी नव्हतंच. अस्थींचा थोडासा भाग तांब्याच्या किंवा पितळेच्या झाकणाच्या लहान डबीत घाला. खोबणीचं माप घेऊनच डबी निवडा. सुताराकडून एक लाकडी पाट करून घ्या आणि टाकीची कड टेकेल अशा दोन पट्ट्या त्यावर मारून घ्या. पाटावर डबी ठेवायची, वरून टाकी ठेवायची. टाकी डबीवर पांघरूण घातल्यासारखी बसते. कापणं नाही, जोडणं नाही, आणि वाटेल तेव्हा टाकी उचलून डबी काढता येते.

आपल्या गटांत सगळ्या जातीधर्मांच्या बाया आहेत. कुणाकडे दफन असतं, मग अस्थींचा प्रश्नच येत नाही. कुणाच्या घरी अस्थी घरात ठेवणं मानवत नाही, दशक्रियेच्या आत विसर्जन झालंच पाहिजे असं असतं. तिथे जबरदस्ती नको. त्या डबीत गाडीची किल्ली ठेवा, त्याच्या हातातलं कडं ठेवा, नाहीतर काहीच ठेवू नका. टाकीवरचा त्याने लावलेला स्टिकर, मांडी घासून उडालेला रंग, पडल्यावर आलेला पोचा, ही त्याचीच खूण आहे. म्हणून रंग देणाऱ्याला आधीच सांगा, की हे पुसू नको.

आणि बाकीच्या रक्षेचं काय? पश्चिम महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत आता रक्षा नदीत न सोडता शेतात खड्डा घेऊन त्यावर झाड लावतात. चांगली गोष्ट आहे. फक्त एक लक्षात ठेवा. ही राख खारट आणि चुन्यासारख्या गुणाची असते. सगळी राख एकाच खड्ड्यात रोपाच्या मुळाशी ओतली तर रोप जळतं. दोन-तीन ओंजळी राख भरपूर माती आणि शेणखतात कालवून खड्ड्यात घाला. बाकीची शेतभर पातळ पसरा.

टाकी उतरवण्याची आणि धुण्याची रीत

हे काम गॅरेजवाल्याकडूनच करून घ्या. पण समोर उभं राहून काय बघायचं ते आपल्याला माहीत हवं.

आधी बॅटरीची वायर सोडवायची, म्हणजे ठिणगी पडायला नको. काम उघड्यावर, सावलीत. जवळ चूल नको, विडी-सिगारेट नको, पोरं नकोत. उरलेलं पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये काढायचं. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीच काढायचं नाही. घरात ठेवलेल्या अशा बाटलीतलं पाणी समजून मूल घोट घेतं. असं झालंच तर ओकारी काढायला लावू नका. ओकताना पेट्रोल फुप्फुसात उतरतं आणि जिवावर बेततं. तोंड पुसा आणि थेट दवाखाना गाठा.

मग झाकण, खालचा कॉक आणि पेट्रोल किती आहे ते दाखवणारा काटा, हे सगळं काढायचं. वाफ जड असते, म्हणून टाकी तोंड खाली करून उघड्यावर ठेवायची, म्हणजे वाफ खाली ओघळून बाहेर पडते. त्यानंतर कोमट पाणी आणि कपडे धुण्याची पावडर घालून टाकी काठोकाठ भरायची आणि रात्रभर ठेवायची. पाणी दुसरीकडे तापवून आणायचं. टाकी चुलीवर ठेवायची नाही. सकाळी ओतून पुन्हा भरायची. असं निदान तीन वेळा. हातात मोजे घाला, कारण पेट्रोलमधले काही घटक कातडीतूनही अंगात जातात. गाडी फार जुनी असेल तर जास्त जपा. आपल्या देशात २००० सालापर्यंत शिसं मिसळलेलं पेट्रोल मिळत होतं आणि जुन्या टाकीच्या थरात ते असू शकतं.

धुतलेलं पाणी विहिरीजवळ, हापशाजवळ, ओढ्यात किंवा गुरांच्या हौदाजवळ ओतू नका. गॅरेजमध्ये खराब पाण्याचा खड्डा असतो, तिथेच धुणं बरं.

मग टाकी उन्हात पालथी ठेवून वाळवायची. बाहेरचा गंज हातानं काचपेपर लावून काढा, ग्राइंडर नको. त्यावर रेड ऑक्साइडचा हात आणि मग रंग.

एवढं धुऊनही टाकी पाण्याची झाली असं समजू नका. काहींच्या मनात येतं, की तिची पाणपोई करू, पाखरांना पाणी ठेवू, धान्य भरू. नको. खाण्यापिण्याच्या कुठल्याच कामाला ती टाकी आयुष्यभर नको.

आणि दिवा. आठवण म्हटली की आपण फोटोपुढे दिवा लावतो, उदबत्ती लावतो, हार घालतो. हार घाला. पण दिवा आणि उदबत्ती टाकीवर किंवा तिच्या तोंडाशी कधीच लावू नका. खोलीच्या दुसऱ्या बाजूला फोटो लावा आणि दिवा तिथे लावा. घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्यांनाही, हे सांगून ठेवा. दिवाळीत पणत्या मांडणाऱ्या पोरींना तर आधी सांगा.

टाकीला हात लावण्याआधी कागद

आता दुसरी मोठी गोष्ट. दुःखात कागद सुचत नाहीत, हे आम्हाला कळतं. पण गाडी ही नुसती आठवण नाही, ती मालमत्ता आहे आणि काही वेळा पुरावाही आहे. म्हणून गटातल्या बहिणींनी त्या घरच्या बाईच्या वतीनं चार गोष्टी बघायच्या.

पहिली. माणूस अपघातात गेला असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरची पाहणी होईपर्यंत गाडीचा एक नटही काढायचा नाही. पोलिसांनी गाडी घरी दिली असली तरी खटला चालू असेल तर ती लिहून घेऊन दिलेली असते. गाडी आहे तशी ठेवायची, विकायची नाही, बदलायची नाही, अशा अटी त्यात बहुतेक वेळा असतात. तो कागद वाचून घ्या.

दुसरी. विम्याचा कागद शोधा. गाडी त्याच्याच नावावर होती, तोच चालवत होता आणि लायसन चालू होतं, तर विम्यात मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा आहे का ते बघा. २०१९ पासूनच्या विम्यात या भागाची रक्कम १५ लाख रुपये आहे. किती घरांना हे माहीत नसतं! गाडी कोपऱ्यात गंजते आणि कागद ट्रंकेत राहतो. दुसऱ्या वाहनाच्या चुकीनं मृत्यू झाला असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा असं कायद्यात आहे, म्हणून वकिलाला लवकर भेटा. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून अशा मृत्यूसाठी सरकारी योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळतात.

तिसरी. आरसी बुकावर फायनान्स कंपनीचं नाव आहे का बघा. असेल तर हप्ते संपेपर्यंत गाडीवर तिचाही हक्क आहे. टाकी काढून बसलात आणि वसुलीवाले आले, तर त्रास घरच्या बाईलाच. आधी कंपनीला मृत्यूचा दाखला द्या आणि कर्जावर विमा काढलेला होता का ते विचारा.

चौथी. गाडी चालती आहे का? मग ती वारसाच्या नावावर करायची. मालक गेल्यापासून ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, म्हणजे तीन महिने गाडी वापरता येते. त्याच तीन महिन्यांत नमुना ३१ चा अर्ज करायचा. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा आणि वारस असल्याचा पुरावा बरोबर न्यायचा. मुदत गेली असली तरी आरटीओत जाऊन विचारा, सोडून देऊ नका. आणि गाडी कायमची मोडली असेल, फक्त टाकी ठेवून बाकी भंगारात द्यायची असेल, तर आधी आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या. नंबर चालू असलेली गाडी भंगारवाल्याच्या हाती दिली आणि त्या नंबरवर पुढे काही गैर घडलं, तर चौकशी आपल्या दारात येते.

कुणी ठरवायचं?

आता जरा स्पष्ट बोलतो. माणूस गेला की त्याची गाडी दुसऱ्याच दिवशी कोण घेऊन जातं? बहुतेक वेळा दीर, नाहीतर चुलतभाऊ. "वहिनी, तुम्हाला काय करायची गाडी?" असं म्हणून किल्ली खुंटीवरून काढली जाते. कुणी वाईट मनानं करतं असं नाही. पण विचारत कुणी नाही.

हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाचे पहिले वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि आई. यांचे हिस्से सारखे. ही माणसं असताना भावाचा हक्क येत नाही. म्हणजे गाडी ठेवायची, विकायची, की टाकीची आठवण करायची, हे ठरवताना बायकोचा आणि आईचा शब्द आधी. त्या दोघींचं मत वेगळं असू शकतं. आईला टाकी घरात हवी असेल, बायकोला ती गाडी बघवतही नसेल. किंवा बायकोला तीच गाडी शिकून पोरांना शाळेत सोडायचं असेल, दूध घालायला जायचं असेल. तिला तो हक्क आहे. नवऱ्याची गाडी चालवणारी बाई ही त्याची आठवण पुसत नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद. पुढे राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. जो गाव बाईच्या अंगावरून काय काढायचं हे ठरवत होता, त्याच गावानं ते थांबवलं. तसंच अंगणातून काय न्यायचं आणि घरात काय ठेवायचं हेही तिला विचारूनच व्हावं.

घाई मात्र कशाचीच नको. टाकी महिनाभर थांबली तरी बिघडत नाही. अस्थी मडक्यात लाल फडक्याखाली थांबू शकतात. ३० दिवसांची आणि सहा महिन्यांची मुदत मात्र थांबत नाही. म्हणून आधी कागद, मग टाकी.

गटात बोलण्यासाठी

पुढच्या बैठकीत हे प्रश्न घ्या. आपल्या गावात वेल्डिंगची, गॅरेजची किती दुकानं आहेत? तिथे पेट्रोलची टाकी, रॉकेलचा ड्रम, डिझेलचं पिंप न धुता कापतात का? त्या पोरांशी कोण बोलेल? आपल्यातल्या किती जणींच्या घरच्या गाडीचा विमा चालू आहे आणि त्यात मालक-चालकाचा विमा आहे का? आरसीवर आता वारस म्हणून एकाचं नाव आधीच लावून ठेवता येतं, ते कुणाकुणाच्या घरी लावलंय? गटातल्या कुणाच्या घरी असं दुःख झालं, तर पहिल्या महिन्यात कागद बघायला तिच्याबरोबर कोण दोघी जातील?

त्या दोघींची नावं आजच वहीत लिहून ठेवा. आणि ज्यांच्या घरी दारात अशी एखादी गाडी उभी आहे, त्यांना हा कार्यक्रम ऐकवा, नाहीतर हा लेख वाचून दाखवा. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.